निरोपाचा ताळा

गेल्या मृगाच्या सुमारास आमच्या संस्थेच्या एका सभासदाच्या, घरांत राखून ठेवलेल्या सोयाबीनचे पैसे त्याच्या खात्यावर जमा व्हावयाचे होते, ते झाले नाहींत. व्यापाऱ्यानें पैसे धाडल्याचा कागद दाखविला. बँकेनें पैसे पोंचल्याचें सांगितलें. आणि सभासदाच्या पासबुकांत मात्र कांहींच नाहीं. चौकशी करितां करितां आठ दिवस गेले, तेव्हां उलगडा झाला तो असा कीं, खात्याचा क्रमांक लिहून देतांना त्यांतील ४७ हे दोन अंक ७४ असे पडले होते. तशा क्रमांकाचें खातेंही त्याच बँकेंत होतें, आणि तें दुसऱ्या तालुक्यांतील एका गृहस्थाचें होतें. गृहस्थ सज्जन निघाला म्हणून पैसे परत आले. परंतु ते येईतों पेरणी उधारीच्या बियाण्यावर उरकावी लागली, आणि हंगामांतील उधारीचा भाव काय असतो हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

त्याच आठवड्यांत त्याच सभासदाचा आधार क्रमांक संगणकांत भरतांना आमच्या लेखनिकाच्या हातून शेजारचे दोन अंक अगदीं तसेच उलट पडले. परंतु यंत्रानें तो क्रमांक घेतलाच नाहीं. लेखनिकानें कागद पुन्हां पाहिला, चूक दुरुस्त केली, आणि अर्ध्या मिनिटांत काम पुढें गेलें. चूक एकाच जातीची. एके ठिकाणीं तिनें हंगाम हुकविण्याची वेळ आणली, दुसऱ्या ठिकाणीं ती डोळ्याचें पातें लवेतों निस्तरली. हा फरक कां पडावा, याचा शोध घेतां घेतां आम्ही बरेच दूर गेलों. जें सांपडलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण आतां बाजारभाव, पावसाचे आंकडे, विम्याची रक्कम, अनुदान, सारें कांहीं यंत्रांच्या निरोपांनीं येतें जातें, आणि त्या निरोपांत बिघाड झाला तर भुर्दंड शेतकऱ्यास बसतो.

निरोप वाटेंत बिघडतो ही गोष्ट नवी नाहीं, आणि त्यावर उपाय करण्याची बुद्धिही नवी नाहीं. आपल्याकडील सावकार हुंडी लिहितांना रकमेचा आंकडा घालीत, तीच रक्कम अक्षरीं लिहीत, आणि एवढ्यावर न थांबतां तिची निमे रक्कम देऊन 'हिची दुप्पट' अशी आणखी खूण करीत. पांचशेंचे पन्नास किंवा पांच हजार व्हावयाचे तर एकाच रकमेस तीन ठिकाणीं एकाच तऱ्हेनें बिघडावें लागे, आणि असें सहसा घडत नाहीं. एकच गोष्ट थोड्या निराळ्या रूपानें अधिक वेळां सांगावयाची, हें या सर्व विद्येचें बीज आहे. शाळेंत शिकविला जाणारा नवाचा ताळा हाही त्याच जातीचा. गुणाकार बरोबर आला कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपण अंकांची बेरीज करीत करीत एका अंकावर येतों; तें करणें म्हणजे नवानें भागून राहिलेली बाकी काढणेंच होय. परंतु या ताळ्यांत एक मोठें भोंक आहे. ४७ ची बेरीज ११, म्हणजे २. आणि ७४ ची बेरीजही ११, म्हणजे २. अंक उलटसुलट झाले तर नवाच्या ताळ्यास त्याचा पत्ता लागत नाहीं, आणि आमच्या सभासदाची चूक नेमकी तीच होती.

आतां एका तारेची गोष्ट सांगतों. ती दूरदेशची असली तरी शेतमालाची आहे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं फ्रँक प्रिमरोज नांवाचा लोंकरीचा व्यापारी होता. त्याचा दलाल कॅन्सस प्रांतांत वॉकीनी येथें लोंकरीच्या खरेदीचें काम पाही. तारेचा दर शब्दांवर असल्यामुळें दोघांनीं सांकेतिक शब्दांची यादी ठरवून ठेविली होती. त्या यादींत 'बे' या शब्दाचा अर्थ 'मीं खरेदी केली आहे' असा होता. १६ जून १८८७ रोजीं प्रिमरोजनें दलालास तार केली, आणि वाटेंत त्या 'बे'चा 'बाय' झाला. 'बाय' म्हणजे इंग्रजींत 'खरेदी कर'. दलालानें हुकुमाप्रमाणें लोंकर घेण्याचा सपाटा लाविला, आणि प्रिमरोजला २० हजार डॉलरांहून अधिक खोट बसली.

इंग्रजी लिपींत या दोन शब्दांत मधल्या अक्षराचाच काय तो फरक: एकांत 'ए', दुसऱ्यांत 'यू'. मोर्सच्या तारलिपींत 'ए' म्हणजे एक टिंब व एक रेघ, आणि 'यू' म्हणजे दोन टिंबें व एक रेघ. एवढें नुकसान एका जादा टिंबाचें! प्रिमरोजनें वेस्टर्न युनियन या तार कंपनीवर फिर्याद केली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि १८९४ च्या मे महिन्यांत निकाल लागला. तारेच्या कागदावर मागील बाजूस अटी छापिलेल्या होत्या. त्यांत असें म्हटलें होतें कीं, ज्यास चुकीची धास्ती असेल त्यानें तार उलट मागवून ताडून पाहावी. म्हणजे पोंचलेली तार पोंचलेल्या ठिकाणाहून पुन्हां मूळ कचेरीकडे यावी व मूळ कागदाशीं ती पडताळली जावी. यास निम्मा दर जादा पडे. प्रिमरोजनें तो दिला नव्हता. न्यायालयानें अट मान्य केली, आणि प्रिमरोजच्या पदरांत तारेच्या हशिलाचे १ डॉलर १५ सेंट काय ते पडले. अटी बारीक अक्षरांत मागल्या बाजूस छापण्याची रीत आजही चालूच आहे, तेव्हां या निकालावर आम्ही अधिक टीका करीत नाहीं.

परंतु त्या 'निम्म्या जादा दरा'वर थोडें थांबलें पाहिजे. बिनचूकपणा फुकट मिळत नाहीं. त्यासाठीं कांहीं जादा धाडावें लागतें, हें तार कंपनीनें उघड दरपत्रकांतच लिहून टाकिलें होतें. प्रश्न उरतो तो जादा किती, व तें कोणत्या तऱ्हेनें धाडावें, हा. सगळा निरोप दोनदां धाडिला आणि दोन प्रतींत फरक पडला, तर चूक आहे एवढें कळतें, पण खरी प्रत कोणती हें कळत नाहीं. तीनदां धाडिला तर दोघांचें मत ग्राह्य धरतां येतें. परंतु मग खर्च तिप्पट. याहून स्वस्त वाट आहे काय?

आहे, आणि ती प्रत्येक कारकुनाच्या खतावणींत आहे. समजा, तीन दिवस तीन गाड्यांनीं कापूस केंद्रावर गेला, आणि त्याचें वजन क्विंटलांत टेलिफोनवर कळवावयाचें आहे. पहिल्या दिवशीं १२, ९ व १४, बेरीज ३५. दुसऱ्या दिवशीं ११, १३ व १०, बेरीज ३४. तिसऱ्या दिवशीं ८, १५ व १२, बेरीज ३५. उभ्या बेरजा गाडीवार: ३१, ३७ व ३६. आतां ऐकणाऱ्यानें दुसऱ्या दिवशींच्या दुसऱ्या गाडीचे १३ ऐवजीं १८ लिहून घेतले. त्यानें आडव्या बेरजा केल्या तर दुसऱ्या ओळींत ३४ च्या जागीं ३९ येतात. उभ्या केल्या तर दुसऱ्या रकान्यांत ३७ च्या जागीं ४२ येतात. बिघडलेली ओळ व बिघडलेला रकाना जेथें एकमेकांस छेदितात तेथेंच चूक आहे, आणि ती पांचांनीं अधिक आहे. म्हणजे पुन्हां टेलिफोन न करितां, नुसत्या बेरजांवरून ऐकणारानें १८ खोडून १३ केले. मूळ आंकडे नऊ, जादा आंकडे सहा. आणि त्यांच्या बळावर चूक नुसती सांपडली नाहीं, तर सुधारली.

अर्थात् या बेरजांच्या शक्तीस मर्यादा आहे. त्याच ओळींत दुसऱ्या गाडीचे पांच वाढले व तिसऱ्या गाडीचे पांच घटले, तर आडवी बेरीज बरोबर येते. दोन रकाने ओरडतात, परंतु ओळ कोणती तें समजत नाहीं. तेथें चूक आहे हें कळतें, सुधारतां येत नाहीं. आणि चौकोनाच्या चार कोंपऱ्यांवरील चार आंकडे असे बिघडले कीं दोन पांचांनीं वाढले व दोन पांचांनीं घटले, व प्रत्येक ओळींत व रकान्यांत वाढ आणि घट समोरासमोर आली, तर सर्व बेरजा हंसत खेळत जुळतात आणि हिशेब साफ खोटा असतो. जो ताळा कोणतीही चूक पकडील असा ताळा नाहीं. कोणत्या चुका वारंवार होतात तें पाहून त्यांच्याविरुद्ध ताळा बांधावयाचा असतो; रोग पाहून औषध फवारावें तसें.

आजच्या यंत्रांत अक्षर, आंकडा, चित्र, आवाज, सारें कांहीं ० आणि १ या दोनच खुणांत लिहिलें जातें. विजेचा दाब आहे कीं नाहीं, एवढेंच यंत्रास ओळखावयाचें असतें. विहिरीवरील मोटार सुरू होतांना जवळचा रेडिओ खरखरतो हें सर्वांनीं ऐकलें आहे. तीच खरखर निरोपांत शिरली म्हणजे ० चा १ किंवा १ चा ० होतो. यावरील अगदीं साधा पहारा असा: सात खुणांमागें आठवी खूण अशी लावावी कीं त्या आठांत १ नेहमीं सम भरावेत. एक खूण पलटली कीं संख्या विषम होते व चूक उघडकीस येते. परंतु दोन पलटल्या तर पुन्हां सम. बैल जोडीनें मोजावे तसा हा प्रकार आहे. एखादा बैल नाहींसा झाला तर लगेच कळेल, जोडीच्या जोडी कोणी सोडून नेली तर कळणार नाहीं.

या साध्या पहाऱ्यांतून पुढें चूक सुधारण्याची विद्या निघाली, तिचें श्रेय रिचर्ड हॅमिंग या अमेरिकन गणित्याकडे जातें. १९४७ च्या सुमारास ते बेल प्रयोगशाळेंत काम करीत होते, आणि तेथील गणकयंत्र त्यांस शनिवार-रविवारीं वापरावयास मिळे. यंत्रास आपली चूक कळत असे. पण सुट्टीच्या दिवशीं ती सुधारावयास कोणी माणूस नसे, म्हणून यंत्र तें काम टाकून पुढच्या कामास लागे. लागोपाठ दोन सोमवारीं येऊन पाहतात तों हिशेब तसाच पडलेला! यंत्रास चूक झाली एवढें कळतें, तर ती कोठें झाली हें कां कळूं नये, असा त्यांच्या मनानें घेतला. १९५० सालीं त्यांनीं आपली रीत प्रसिद्ध केली. ती इतकी सुरेख आहे कीं आम्ही ती येथें पुरी सांगतों. वाचकांनीं कागद पेन्सिल घ्यावी.

पाटावर सात दारें आहेत अशी कल्पना करा. प्रत्येक दार उघडें म्हणजे १, बंद म्हणजे ०. तीन राखणदार नेमले. पहिल्याकडे १, ३, ५ व ७ क्रमांकांचीं दारें. दुसऱ्याकडे २, ३, ६ व ७. तिसऱ्याकडे ४, ५, ६ व ७. प्रत्येकास एकच हुकूम: तुझ्याकडील उघडीं दारें सम असलीं पाहिजेत, विषम दिसलीं तर ओरड. ३, ५, ६ व ७ हीं चार दारें खऱ्या निरोपाचीं. १, २ व ४ हीं तीन जादा, राखणदारांचा हुकूम पाळला जावा म्हणून उघडावयाचीं वा लावावयाचीं. निरोप १, ०, १, १ असा असेल, तर सातही दारें मिळून ०, १, १, ०, ०, १, १ असें होतें. आतां वाटेंत सहावें दार कोणी लावून टाकिलें. पहिल्या राखणदाराकडे तें दार नाहीं, तो गप्प राहतो. दुसऱ्याकडे तीन दारें उघडीं दिसतात, तो ओरडतो. तिसऱ्याकडे एकच उघडें, तोही ओरडतो. पहिल्याच्या ओरडण्याची किंमत १, दुसऱ्याची २, तिसऱ्याची ४ धरावी. २ आणि ४ मिळून ६. सहावें दार बिघडलें. कोणतेंही दार घेऊन पाहा, राखणदारांची बेरीज त्याच दाराचा क्रमांक सांगते. कोणीच ओरडला नाहीं तर सारें ठीक. तीन राखणदारांच्या ओरडण्याचे व न ओरडण्याचे मिळून आठच प्रकार होतात, आणि सांगावयाच्या गोष्टीही आठच: सात दारें व एक क्षेमकुशल. एकही प्रकार वायां गेला नाहीं. मात्र दोन दारें एकदम बिघडलीं तर हेच राखणदार भलतेंच तिसरें दार दाखवितात, हें विसरतां कामा नये.

त्याच प्रयोगशाळेंतील क्लॉड शॅनन यांनीं १९४८ सालीं एक मोठा सिद्धांत मांडला होता. खरखरीच्या वाटेची एक ठराविक शक्ति असते. तिच्या आंत राहून निरोप धाडिले तर योग्य रीतीनें जादा खुणा जोडून चुकीचें प्रमाण पाहिजे तितकें कमी करितां येतें, असें त्यांनीं गणितानें दाखविलें. ती योग्य रीत कोणती हें मात्र त्यांनीं सांगितलें नाहीं. विहीर खणली तर येथें पाणी लागेलच असें सांगून पाणाड्या निघून जावा, तसें झालें. पुढें पन्नास वर्षें लोक खणीत होते. रॉबर्ट गॅलागर यांनीं १९६० च्या सुमारास शोधिलेली एक उत्तम रीत त्या काळच्या यंत्रांस न पेलवल्यामुळें तीसएक वर्षें जवळजवळ पडून राहिली, आणि आज ५जी मोबाईलच्या निरोपांस तीच राखते. चांगलें बी जमिनींत असें पडून राहतें खरें, पण इतकें क्वचित्.

निरोपाची वाट दोन्ही बाजूंनीं चालू असेल तर चूक सुधारण्याची यातायात न करितां नुसती पकडून 'पुन्हां धाड' म्हणणें सोयीचें असतें. तारेच्या जाळ्यांत व वायफायमध्यें असेंच करितात. संपूर्ण तुकडा हा एक भला मोठा आंकडा आहे असें समजून त्यास एका ठराविक आंकड्यानें भागितात, आणि राहिलेली बाकी मागें जोडून देतात. नवाच्या ताळ्याचाच हा थोरला भाऊ. फरक इतकाच कीं भाजक मोठा, आणि भागाकार हातचा न घेतां करावयाचा. पोंचलेल्या ठिकाणीं बाकी जुळली नाहीं तर तो तुकडा फेंकून दिला जातो व धाडणाराकडून पुन्हां येतो. ही बाकी ३२ खुणांची असते. म्हणून अगदीं वाटेल तसा विस्कटलेला तुकडा नशिबानें खरा ठरण्याचा संभव सुमारें ४२९ कोटींत एक इतका उरतो.

परंतु जेथें उलट विचारण्याची सोय नाहीं तेथें काय करावें? घरावरील डीटीएचची छत्री उपग्रहाचें ऐकूं शकते, त्यास विचारूं शकत नाहीं. आणि १९७७ सालीं सोडलेलें व्हॉयेजर यान तर आज २,४०० कोटी किलोमीटरांहूनही दूर आहे. तेथून निरोप यावयासच २२ तासांहून अधिक लागतात, मग 'पुन्हां सांग' कोण म्हणणार? अशा ठिकाणीं आयर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनीं १९६० सालीं काढलेली रीत फार कामास येते. ती बांधाच्या दृष्टांतानें समजण्यासारखी आहे. सरळ बांध आंखावयास दोन खुंट्या पुरतात. परंतु आपण त्याच रेषेंत पांच ठोकल्या, आणि ढोरांच्या पायांनीं त्यांतील एक भलतीकडे सरकली, तर उरलेल्या चार एका रेषेंत दिसतात आणि कोणती हलली तें उघड होतें. ती रेषेवर परत आणतां येते. दोन हलल्या तर मात्र नक्की सांगतां येत नाहीं. आणि कोणत्या हलल्या हें दुसऱ्या कोणाकडून आधींच कळलें असेल, तर पांचांतील तीन काढून टाकिल्या तरी दोहोंवरून बांध पुन्हां उभा राहतो. रीड व सॉलोमन यांनीं सरळ रेषेच्या जागीं वांकड्या रेषा घेतल्या, एवढेंच. डीटीएचच्या प्रचलित रीतींपैकीं एका रीतींत १८८ अक्षरखुणांमागें १६ जादा जोडतात, व त्यांच्या बळावर ८ पर्यंत बिघडलेल्या खुणा जशाच्या तशा सुधारतात. मुसळधार पावसांत पूर्वीचें दूरदर्शन मुंग्यामुंग्यांचें पण कांहींतरी दाखवी, आणि आतांचें चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहून मग एकाएकीं थिजतें, याचें कारण हेंच. नवव्या चुकीपाशीं राखणदाराची शक्ति संपते.

दुकानांतील क्यूआर चौकटही याच रीतीवर उभी आहे. १९९४ सालीं जपानांत मोटारीच्या सुट्या भागांसाठीं ती निघाली, आणि कारखान्यांत तेलानें धुळीनें मळणार हें धरूनच तिची रचना झाली. ठेवलेल्या जादा खुणांप्रमाणें तिचा ७ पासून ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी ती वाचतां येते. खताच्या पोत्यावरील किंवा भाजीच्या हातगाडीवरील फाटकी चौकट मोबाईल वाचतो तो यामुळें.

आतां आपल्या मूळ ४७ आणि ७४ कडे येऊं. माणसाच्या हातून आंकडे लिहितांना कोणत्या चुका होतात याचा अभ्यास जेकोबस व्हेरहॉफ या डच गणित्यानें केला. त्याच्या गणतींत सुमारें ७९ टक्के चुका एकच अंक चुकल्याच्या, आणि सुमारें १० टक्के शेजारचे दोन अंक उलट पडल्याच्या निघाल्या. म्हणजे ताळा बांधावयाचा तो मुख्यतः या दोन शत्रूंविरुद्ध. किसान क्रेडिटच्या रुपे कार्डावर जो १६ अंकी क्रमांक असतो, त्याचा शेवटचा अंक ताळ्याचा आहे. उजवीकडून एक सोडून एक अंक दुप्पट करावयाचा, दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या अंकांची बेरीज घ्यावयाची, आणि साऱ्यांची बेरीज दहानें निःशेष भागली जावी असा शेवटचा अंक ठेवावयाचा. ४७ पुढें असा अंक १ येतो: १ अधिक ५ अधिक ४, एकूण १०. तेच ७४ पुढें १ लाविला तर १ अधिक ८ अधिक ७, एकूण १६. यंत्र लगेच नकार देतें. ही रीत हान्स पीटर लून यांची. हिलाही एक लहानसें भोंक आहे. ०९ चे ९० झाले तर तें हिच्या लक्षांत येत नाहीं.

व्हेरहॉफ यांनीं १९६९ सालीं तेंही भोंक बुजविलें. त्यांची युक्ति अशी कीं, बेरजेंत ४ आणि ७ घ्या वा ७ आणि ४ घ्या, फळ एकच येतें. म्हणूनच उलटापालट लपते. मग बेरजेच्या जागीं अशी क्रिया कां घेऊं नये कीं जिच्यांत क्रमास महत्त्व आहे? आधीं नांगरून मग पेरणें आणि आधीं पेरून मग नांगरणें यांचें फळ एक नसतें. पंचकोनी आकृति फिरविणें व पालथी करणें यांचे मिळून बरोबर दहा प्रकार होतात, आणि त्यांत क्रम बदलला कीं फळ बदलतें. दहा अंकांस त्यांनीं ते दहा प्रकार दिले, जागेजागेप्रमाणें अंकांची आणखी एक अदलाबदल घातली, आणि असा एक अंक काढला कीं जो एका अंकाची कोणतीही चूक आणि शेजारच्या दोहोंची कोणतीही उलटापालट न चुकतां पकडतो. आधार क्रमांकाच्या बारा अंकांतील बारावा अंक हाच. आमच्या लेखनिकास यंत्रानें अडविलें तें या अंकाच्या जोरावर. आणि त्या खात्याच्या क्रमांकांतील उलटापालट मात्र कोणाच्याही डोळ्यांखालून न जातां पार झाली.

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल कीं ताळ्याचा अंक असला म्हणजे काळजी मिटली. तसें नाहीं. बाराव्या अंकावरून यंत्रास एवढेंच कळतें कीं हा क्रमांक लिहितांना ओळखीची चूक झालेली दिसत नाहीं. तो क्रमांक तुमचा आहे कीं तुमच्या चुलतभावाचा, हें त्यास कळत नाहीं. भावाचा क्रमांक बिनचूक लिहिला तर ताळा आनंदानें जुळतो. अगदीं मनास येईल तो क्रमांक ठोकून दिला, तरी दहांतून एकदां तो जुळेलच, कारण ताळ्याचे अंक दहाच आहेत. आणि लबाडीपुढें तर हे सारे ताळे हतबल आहेत. कारण लबाड मनुष्य निरोप बदलतांना ताळाही नवा करून लावितो. दुकानाच्या क्यूआर चौकटीवर कोणी आपली चौकट चिकटविली, तर तिच्यांतील एकूणएक खूण शुद्ध असते आणि पैसे मात्र चोरास मिळतात. मुद्दाम केलेला बदल ओळखण्यासाठीं निराळी विद्या लागते. महाराष्ट्रांत मिळणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर ती वापरलेली असते. तिच्याविषयीं पुढें केव्हां तरी लिहूं.

पंतप्रधान किसान योजनेचे वर्षाचे ६ हजार रुपये २०१९ पासून तीन हप्त्यांनीं येतात. आधार क्रमांकावरून पैसे जातात तेव्हां ते त्या क्रमांकास जें खातें शेवटीं जोडलें असेल त्या खात्यावर जातात. एखाद्यानें मध्यंतरीं दुसऱ्या बँकेंत खातें उघडून आधार तेथें जोडलें आणि जुन्याच पासबुकांत हप्ता शोधीत बसला, तर निरोपांत कोठेंही बिघाड नसतो. पत्ताच बदललेला असतो. 'पैसे आलेच नाहींत' म्हणून आमच्याकडे येणाऱ्यांत असे सभासदही असतात, आणि तालुक्याला खेटे घालण्याआधीं बँकेंत आधार कोणत्या खात्यास जोडलें आहे तें विचारावें, असें आम्ही त्यांस सांगतों.

खात्याच्या क्रमांकाची गोष्ट अधिक नाजूक होती. बँकांतून एनईएफटी व आरटीजीएस यांनीं पैसे धाडतांना जमा करण्याचें काम केवळ क्रमांकावरून होत असे. सोबत लिहिलेलें नांव कागदावर शोभेपुरतें. म्हणजे हुंडी लिहिणाऱ्या सावकारानें जी दुसरी खूण आग्रहानें ठेविली होती, ती असूनही पाहिली जात नव्हती. रिझर्व्ह बँकेनें १ एप्रिल २०२५ पर्यंत सर्व बँकांनीं अशी सोय द्यावी असें ठरविलें कीं, खात्याचा क्रमांक व आयएफएस संकेत भरतांच त्या खात्याच्या मालकाचें नांव धाडणाराच्या डोळ्यांपुढें यावें. हा ताळा गणिताचा नाहीं, पण ४७ व ७४ यांच्यांतील फरक तो उत्तम दाखवितो. मात्र दिसणारें नांव वाचण्याचे कष्ट धाडणारानें घेतले पाहिजेत.

आमच्या संस्थेंत आतां असें ठरलें आहे कीं, सभासदानें क्रमांक सांगावा, लेखनिकानें तो लिहून घेऊन चार चार अंकांनीं उलट वाचून दाखवावा, आणि पडद्यावर नांव आल्यावर तें सभासदास मोठ्यानें ऐकवावें, मगच पैसे धाडावे. यास निम्मा दर जादा पडत नाहीं. दोन मिनिटें अधिक लागतात, आणि शनिवारच्या बाजारीं रांग वाढली कीं लोक कुरकुरतात. त्या सोयाबीनवाल्या सभासदानें मात्र परवां स्वतःचा क्रमांक दोनदां वाचून घेतला, आणि तिसऱ्यांदा आमच्याकडून.